आमच्या मळ्यात डॅफोडिल? सोडा हो!

फेब्रुवारीत सत्तरीहून मावसबहिणीचा फोन आला. नेहमीची ख्यालीखुशाली नाही, पोरांची चौकशी नाही. फोन उचलल्याबरोबर एकच वाक्य : "दादा, कांदे कुसले रे सगळे."

कांदे म्हणजे खायचे कांदे नव्हेत. पांढऱ्या डॅफोडिलचे कंद. दोनशे नग, एक चाळीस रुपयांना. म्हणजे आठ हजार. आता आठ हजारांना पणजीत दोघांचं जेवणही होतं म्हणा, पण ही बाई फुलं विकून घर चालवते. चतुर्थीला रोजां, मग शेवंती, आणि घरामागच्या दोन वाफ्यांत बारा महिने निशिगंध. (गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी : रोजां म्हणजे झेंडू. शब्द गुलाबाचा, फूल भलतंच. आमच्याकडे असंच चालतं!) तर या डॅफोडिलसाठी तिने निशिगंधाचे ते दोन वाफे उपटले. कंद शेजारणीला फुकट देऊन टाकले. आठ हजार गेले ते गेले, पण वाफेही गेले, आणि लग्नाचा हंगाम हातचा गेला.

हे कंद विकणाऱ्याचं नाव मी इथे घेणार नाही. एका प्रदर्शनात त्याचा स्टॉल होता. पाकिटावर पांढऱ्या शुभ्र फुलांचा फोटो, मागे निळा डोंगर, आणि खाली ठळक अक्षरांत 'सर्व हवामानात येणारे'. तोंडी आश्वासन असं : दिवाळीनंतर लावा, नाताळाला फुलं येतील, चर्चमधल्या लग्नांना पांढरी फुलं लागतातच, एका दांडीला पंचवीस रुपये कुठे गेले नाहीत, आणि पुढच्या वर्षी एका कंदाचे तीन होतील.

हे सगळं मला कसं माहीत? कारण मी तिथे उभा होतो. ती मागेपुढे पाहत होती आणि मीच म्हणालो, "घे गो, डॅफोडिल आहेत ती!"

म्हणून हा लेख. विकणाऱ्यावर मी रागावलो आहेच, पण जास्त राग माझ्यासारख्यांवर आहे. बहिणीला डॅफोडिल हा शब्दही धड येत नव्हता. ती मातीकडे बघत होती. शब्दाला भुललो तो मी, दोन पुस्तकं वाचलेला!

आधी फुलाचा विचार करू, मग माणसांचा.

कंद बाहेरून कांद्यासारखा दिसतो, पण त्याच्या पोटात एक पंचांग असतं. डॅफोडिल, नार्सिसस, नर्गिस हे सगळं एकच कुळ. त्याचं मूळ घर भूमध्य समुद्राच्या पश्चिमेच्या टोकाला : स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो. त्या हवेला धरून या कंदाने आपलं वर्ष आखलं आहे. उन्हाळ्यात पानं वाळतात, कंद कोरड्या मातीत झोपतो आणि त्या झोपेतच पुढच्या वर्षाची कळी धरतो. थंडीच्या तोंडावर ओल मिळाली की मुळं सोडतो. मग त्याला बारा ते सोळा आठवडे थंडी हवी असते, साधारण पाच ते नऊ अंशांची. ती पोटभर मिळाली की दांडा वर येतो. नाही मिळाली तर कळी आतल्या आत सुकून जाते.

आता आपलं पंचांग बघा. मृगापासून हस्तापर्यंत आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. म्हणजे कंदाला जेव्हा कोरडं झोपायचं असतं, नेमका तेव्हा आपण त्याला पाण्यात बुडवतो. आणि त्याला हुडहुडी भरायला हवी त्या डिसेंबरात पणजीत रात्री वीस अंश आणि दुपारी बत्तीस! एक महिना इकडे-तिकडे झाला असता तर गोष्ट वेगळी. इथे अख्खं वर्षच उलटं आहे.

बरं, उष्णता ही त्याची वैरीण आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला सूत्रकृमींनी डॅफोडिलची शेती संपत आणली होती. तेव्हा रॅम्सबॉटम नावाच्या संशोधकाने उपाय काढला : कंद तीन तास ४४ अंशांहून किंचित जास्त गरम पाण्यात ठेवायचे. कृमी मरतात, कंद जगतो. आजही तीच पद्धत चालते. तेव्हा आमच्या मे महिन्याला तो घाबरत नाही. त्याला थंडीची भूक आहे, आणि ऊबदार ओल्या मातीत बुडाकडून कुजवणाऱ्या बुरशीची धास्ती. बहिणीचे कंद त्या बुरशीनेच खाल्ले. मी जाऊन उकरून पाहिले. बोट लावलं तर बुडाचा लगदा, रंग चॉकलेटी.

'नाताळाला फुलं' हे तर धडधडीत खोटं. खुद्द इंग्लंडात सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेल्या कंदांना बागेत फुलं येतात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. नाताळाला डॅफोडिल देऊ शकते ती सिलीची बेटं, कॉर्नवॉलच्या टोकापलीकडे समुद्रात असलेली. तिथे दव गोठत नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथले शेतकरी लंडनच्या बाजाराला सगळ्यांच्या आधी फुलं पाठवत आले. वारा अडवायला शेताभोवती माणसाहून उंच कुंपणं, आत चिंचोळे पट्टे. आणि गंमत म्हणजे, उन्हाळ्यात शेतावर पेंढा जाळून धूर करतात! धुरातल्या इथिलीनमुळे झोपलेला कंद लवकर कळी धरतो. पिढ्यान् पिढ्या खपून त्यांनी त्या एका फुलाचा स्वभाव ओळखला. आमचा स्टॉलवाला म्हणतो, दिवाळीनंतर लावा, पाणी द्या, झालं.

पांढरा डॅफोडिल म्हणून एकच काही वस्तू असते असंही नाही. 'माउंट हूड' मोठ्या कर्ण्याचा. उमलतो पिवळसर आणि दोन-चार दिवसांनी पांढरा होतो. 'थालिया' १९१६ सालचा, हॉलंडमध्ये तयार केलेला. एका दांडीला दोन-तीन नाजूक फुलं, मान खाली घातलेली. याच्या रक्तात स्पेन-पोर्तुगालचा रानटी नार्सिसस आहे. आणि तिसरा 'पेपरव्हाइट' : गुच्छाने येणारा, वासाचा. पहिल्या दोघांना थंडी लागते, तिसऱ्याला लागत नाही. पाकिटावर यांतला कोणता हे लिहिलेलंच नव्हतं. नुसतं 'डॅफोडिल, पांढरा'. भाताचं बियाणं 'भात, पांढरा' म्हणून कोणी विकलं असतं तर आमच्या शेतकऱ्याने ते त्याच्या डोक्यावर ओतलं असतं.

आता माझे मित्र काय म्हणतात तेही ऐका.

एक म्हणतो, फ्रिजमध्ये ठेवायचे ना! ठेवा की. बारा आठवडे, खालच्या कप्प्यात, बांगड्यांच्या शेजारी. पण त्याच फ्रिजात चिकू किंवा सफरचंदं ठेवू नका, कारण पिकत्या फळातून तोच इथिलीन वायू निघतो आणि थंडीत बसलेल्या कंदाच्या पोटातली कळी मारतो. (तोच वायू सिलीच्या शेतात कळी धरायला मदत करतो. वेळ चुकली की औषधाचं विष होतं ते असं.) समजा सगळं नीट जमलं. जानेवारीत फूल आलंही. बत्तीस अंशांत ते दोन-तीन दिवस टिकेल. आणि पुढे? फूल गेल्यावर डॅफोडिलची पानं निदान सहा आठवडे हिरवी राहावी लागतात, त्यातून कंद पुढच्या वर्षाची शिदोरी भरतो. म्हणून जाणते माळी ती पानं कापत नाहीत, गाठही मारत नाहीत. गोव्यात फेब्रुवारीच्या उन्हात ती पानं भाजून जातात. कंद रिकामा. पुढच्या वर्षी पुन्हा चाळीस रुपये. 'एकाचे तीन' कुठले, एकाचा शून्य! फुलं विकून पोट भरणाऱ्या बाईला हा धंदा आहे, की हौशी माणसाच्या फ्रिजातला खेळ?

दुसरा म्हणतो, पेपरव्हाइट लाव, त्याला थंडी नको. हे मात्र खरं आहे आणि मी ते मान्य करतो. काचेच्या भांड्यात गोटे, त्यावर कंद, बुडाला जेमतेम लागेल इतकं पाणी. चार-सहा आठवड्यांत फुलं. उबेत दांडे लांबच लांब वाढतात आणि आडवे पडतात. त्यावर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात उपाय शोधला गेला : मुळं फुटल्यावर साध्या पाण्याऐवजी चार ते सहा टक्के अल्कोहोलचं पाणी द्यायचं, म्हणजे दांडे आखूड राहतात आणि फूल तेवढंच येतं. आमच्या काजूफेणीत सात-आठ पट पाणी घातलं की झालं काम. (कंदाला फेणी पाजणारा गोंयकार जगात कुठेतरी असेलच, माझ्या घरात तरी नाही.) पण वास! काहींना तो सुगंध वाटतो, काहींना गोठ्याची आठवण होते. माझ्या बायकोने भांडं दुसऱ्या दिवशी पडवीत नेऊन ठेवलं. आणि फुलून गेलेला कंद इंग्लंडातसुद्धा बहुतेक लोक टाकूनच देतात. टेबलावर ठेवायला ठीक आहे, शेती म्हणून नाही.

तिसऱ्याचा मुद्दा मात्र तिखट होता. तो म्हणाला, "तू आता स्वदेशीवाला झालास. काजू ब्राझीलचा, मिरची अमेरिकेची, तुझा लाडका निशिगंध मेक्सिकोचा. मग डॅफोडिलनेच काय घोडं मारलंय?"

मी दोन दिवस विचार केला. निशिगंध मेक्सिकोचा हे अगदी खरं. अझ्टेक लोक त्याला 'हाडाचं फूल' म्हणत. झेंडूही तिथलाच. देवळाच्या आवारातला चाफाही त्याच मुलखातला. परक्या फुलांना नाक मुरडलं तर आमच्या देवांना अर्धी फुलं मिळायची नाहीत! माझं भांडण परकेपणाशी नाहीच. मेक्सिको आणि ब्राझीलमध्ये उन्हाळ्यात पाऊस पडतो, आपल्याकडेही. म्हणून तिथली झाडं इथे येऊन घरची झाली. आणि आता याची दुसरी बाजू पाहा. पोर्तुगीज इथे १५१० पासून १९६१ पर्यंत होते. चारशे एक्कावन्न वर्षं. त्यांच्या स्वतःच्या डोंगरांत नार्सिसस रानोमाळ उगवतो. त्यांच्या काळात काजू आला, अननस आला, पपई आली, पेरू आला. पण गोव्यातल्या एखाद्या जुन्या घराच्या अंगणात तुम्ही नार्सिससची ओळ पाहिली आहे? साष्टीतल्या मोठमोठ्या घरांची अंगणं मी हिंडलो आहे, मला कुठे दिसली नाही. ज्या सत्तेला चार शतकांत जे इथे रुजवता आलं नाही, ते एका स्टॉलवाल्याच्या पाकिटातून रुजेल असं मला त्या दिवशी वाटलं, याला काय म्हणावं!

का वाटलं, ते सांगतो. शाळेत इंग्रजीच्या तासाला वर्डस्वर्थची डॅफोडिलवरची कविता पाठ केली होती. सरांनी छडी घेऊन पाठ करून घेतली. सरांनीही ते फूल कधी पाहिलेलं नव्हतं. फळ्यावर त्यांनी जे काढलं ते जास्वंदीसारखं दिसत होतं. तरी पुढे चाळीस वर्षं 'फूल' म्हटलं की माझ्या डोक्यात पहिलं तेच येतं. वर्डस्वर्थची बहीण डोरोथी हिने १५ एप्रिल १८०२ च्या रोजनिशीत उल्सवॉटर तळ्याकाठच्या त्या फुलांची नोंद करून ठेवली आहे. कविता आली दोन वर्षांनी. ती फुलं पिवळी होती, रानटी होती, कोणी लावलेली नव्हती. कवीने आपल्या गावच्या रानातलं फूल पाहिलं आणि लिहिलं, यात त्याचा काय दोष? दोष आमचा. आम्ही त्याचं फूल उचललं आणि त्याची नजर मात्र तिथेच ठेवली. जमैका किंकेड या अँटिग्वाच्या लेखिकेच्या 'लूसी' कादंबरीतली मुलगी असंच डॅफोडिलचं काव्य लहानपणी पाठ करून मोठी होते आणि अमेरिकेत पहिल्यांदा ती फुलं दिसल्यावर तिला ती कापून टाकावीशी वाटतात. आम्ही कापत नाही. आम्ही आठ हजार देतो.

आणि खरं सांगायचं तर, भारतात पांढऱ्या नार्सिससचं हक्काचं घर आहे. काश्मीरमध्ये त्याला 'यंबरझल' म्हणतात. दीनानाथ नादिम यांनी १९५३ मध्ये भुंगा आणि यंबरझल यांच्यावर काश्मिरीतला पहिला ऑपेरा लिहिला. तिथे बर्फ आहे, म्हणून फूल आहे, म्हणून त्याच्या गोष्टीही आहेत. ज्याला डॅफोडिल बघायचाय त्याने मार्च-एप्रिलमध्ये श्रीनगरला जावं. ट्यूलिपच्या त्या मोठ्या बागेत डॅफोडिलही लावतात. मी जाणार आहे. आणि ज्याला फुलदाणीत हवा असेल त्याने थंड मुलखातून आलेली कापलेली फुलं विकत घ्यावी, दुसऱ्या फुलांबरोबर लगेच ठेवू नये (त्याच्या दांड्यातला चिकट रस गुलाब-ट्यूलिपना मारक असतो), चार-पाच दिवस बघावी आणि समाधान मानावं. यात मला काही वावगं वाटत नाही.

आता ज्या गोष्टीने मला खरी टोचणी लागली ती सांगतो. जूनच्या पहिल्या पावसानंतर आमच्या गावच्या सड्यावर, जांभ्याच्या फटींतून, एक पांढरं फूल येतं. सहा पांढऱ्या पाकळ्या, मधे पांढरा पेला. लांबून पाहिलं तर कोणीही डॅफोडिलच म्हणेल. जवळून पाहिलं तर पुंकेसर पेल्याच्या काठावर उभे असतात. डॅफोडिलचे पेल्याच्या आत असतात. शास्त्रज्ञ याला पँक्रेशियम म्हणतात. डॅफोडिलच्याच कुळातलं, त्याचं लांबचं भावंड. फरक एवढाच की याच्या पोटातलं पंचांग आपलं आहे. पाऊस पडला की फूल, चार दिवसांत खेळ खलास, मग पानं, मग वर्षभराची झोप. मी लहानपणापासून ते पाहत आलो. त्याला गावात काय म्हणतात म्हणून आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, "कांद्याचं फूल."

बस. चतुर्थीच्या माटोळीला कवंडळं, कांगल्या, घागऱ्या रानातून शोधून आणणारी, प्रत्येकाला वेगळं नाव देणारी माणसं आम्ही. पण या फुलावर आमच्या एकाही कवीने ओळ लिहिलेली मी वाचलेली नाही, आणि मीही लिहिली नाही. आम्ही डॅफोडिलवर लिहीत होतो! माझ्या एका जुन्या वहीत, वय वर्षं एकोणीस, डॅफोडिल तीनदा आलेत. सडे म्हणजे पडीक जमीन, असं सरकार म्हणतं तेव्हा आम्ही चिडतो. वेर्ण्याच्या सड्यावर कारखाने आले, मोपाच्या सड्यावर जानेवारी २०२३ पासून विमानं उतरतात. विकासाच्या बाजूने किंवा विरुद्ध काय बोलायचं ते बोला. पण ज्या जागेवर काय उगवतं हे लिहिणाऱ्यांनाच माहीत नाही, ती जागा पडीक नाही हे ऐकणाऱ्याला कोण पटवणार?

असो. विषय कंदांचा चालला होता.

माझी मागणी मोठी नाही. कंद विकणाऱ्याने पाकिटावर जात लिहावी, किती आठवडे आणि किती अंश थंडी लागते ते लिहावं, आणि फूल कोणत्या महिन्यात येतं ते लिहावं. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी स्टॉल देताना हे तीन प्रश्न विचारावे. विचारायला पैसे लागत नाहीत. आणि फुलशेतीवर भाषण देणाऱ्यांनी 'गोव्यात काय पिकत नाही?' हे टाळ्यांचं वाक्य बंद करावं. गोव्यात डॅफोडिल पिकत नाही. झालं उत्तर.

स्टॉलवाल्याला मी फोन केला होता. तो म्हणाला, तुम्ही पाणी जास्त घातलं असेल. नंतर फोन उचलणं बंद. आठ हजारांतले चार हजार मी बहिणीला दिले. ती घेत नव्हती, मावशीच्या हाती दिले.

एक सांगायचं राहिलं. दोनशेंपैकी चार कंद वाचले होते. अगदी लहान होते म्हणून तिने ते कोपऱ्यात, तुळशीपाशी लावले होते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि चारही फुलले. पांढरे! तिने धावत फोन केला. मी गेलो, पाहिलं. पावसाळी लिली. दक्षिण अमेरिकेतली, कुळ तेच, पण डॅफोडिल नव्हेच. म्हणजे पाकिटात मिसळ होती, आणि जी फुलली तीही दुसरीच!

निशिगंधाचे कंद शेजारणीने एप्रिलमध्येच परत दिले होते. दिले होते त्याहून चाळीस जास्तच, कारण तोवर ते वाढले होते. शिवाय बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेच्या 'प्रज्वल' जातीचे काही कंद मी मागवले. एकेरी पाकळीचा, हाराला चांगला. या खेपेला वाफे वीतभर उंच केले आहेत, कारण पाणी साचलं तर निशिगंधही कुजतो, तोही काही देव नाही. पहिली दांडी चतुर्थीच्या आत निघेल असं ती म्हणते. मी म्हणतो, चतुर्थी उलटून जाईल. पैज एक डझन बांगड्यांची लागली आहे. हरलो तर आनंदाने आणून देईन.